किती मिलीवॅट, हा प्रश्न शेवटी

स्कूबासाठी, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाण्यासाठी, हातात धरायचा लेझर घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: किती मिलीवॅटचा, म्हणजे किती शक्तीचा घेऊ? संभाजीनगरात विचारा, नांदेडात विचारा, लातुरात विचारा, प्रश्न तोच. आपल्याकडे बहुतेकांनी लेझर पहिल्यांदा पाहिला तो वरातीत नाहीतर विसर्जनाच्या मिरवणुकीत, डीजेच्या गाडीवर. तिथं जेवढा जोरदार तेवढा भारी. पाण्याखाली ही समजूत महागात पडते. तिथं आधी पाहायची ती झाकणातली, पाणी अडवणारी रबरी ओ-रिंग, मग किरणाचा रंग, मग बटण. मिलीवॅटचा आकडा अगदी शेवटी.

मराठवाड्यातून स्कूबाला निघणारे बहुतेक जण मालवण-तारकर्लीला जातात, काही कर्नाटकात मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावर, आणि ज्यांना चटक लागते ते अंदमान किंवा लक्षद्वीप गाठतात. तिथं गाइडच्या हातात हा पेनाएवढा लेझर दिसतो. त्याचं काम एकच, दाखवणं. पाहायला टॉर्च वेगळा लागतोच. कपारीत खडकाच्याच रंगाचा स्कॉर्पिअनफिश बसलेला असतो. गाइड बोट दाखवतो, पण तुम्ही त्याच्यापासून तीन मीटर बाजूला असता, त्यामुळे त्याच्या बोटाची रेघ तुमच्या नजरेला भलत्याच दगडावर नेते. दोघंही जवळ सरकायला गेले की पायातले फिन (पोहायचे पंखे) वाळूला लागतात आणि समोरचं सगळं धुरकट होतं. दिवसा उथळ पाण्यात टॉर्चचा झोत उन्हात विरून जातो. लेझरचा ठिपका मात्र त्या दगडावरच पडतो, आणि कुठल्याही बाजूनं पाहिलं तरी तिथंच दिसतो.

आता रंग. पाणी लाल उजेड फार लवकर गिळतं. अगदी शुद्ध पाण्यातही 650 नॅनोमीटर तरंगलांबीचा (रंग ठरतो तो याच आकड्यावरून) लाल किरण पहिल्या मीटरमध्येच सुमारे 30 टक्के संपतो. 5 मीटरवर 20 टक्क्यांपेक्षा कमी उरतो, 10 मीटरवर जेमतेम 3 टक्के. 532 नॅनोमीटरचा हिरवा किरण 10 मीटर गेल्यावरही 60 टक्क्यांहून जास्त शिल्लक असतो, आणि 450चा निळा तर 90 टक्क्यांच्या आसपास. एवढं वाचून कुणीही निळाच घेईल. पण डोळ्याचं गणित वेगळं आहे. दिवसाच्या उजेडाला सरावलेला डोळा 555 नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत तल्लख असतो. म्हणून डोळ्यापर्यंत सारखीच शक्ती पोहोचली, तर हिरवा ठिपका निळ्यापेक्षा वीस पटींहून जास्त आणि लालपेक्षा सुमारे आठपट उजळ भासतो. शिवाय निळ्याची ही बढाई स्वच्छ समुद्रापुरती. तलावात, विहिरीत पाला कुजलेला असतो, त्यातला पिवळसर अंश पाण्यात विरघळतो आणि तो नेमका निळाच उजेड शोषतो. शेवाळ निळा आणि लाल दोन्ही खातं, हिरवा सोडतं. तेव्हा गोड्या पाण्यासाठी हिरवा, आणि समुद्रातही बहुतेक वेळा हिरवाच.

आपल्या पाण्याचा खरा अडसर रंगाचा नसून मातीचा आहे. दख्खनच्या बसाल्टची झीज होऊन झालेली आपली काळी माती ओली झाली की फुगते, आणि तिच्यातले चिकणमातीचे कण मायक्रॉनच्या घरातले. पावसाळ्यात गोदावरीला पाणी आलं की हे कण नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयात, उतरतात आणि लवकर तळाला बसत नाहीत. अशा पाण्यात लेझर सुरू केला की हिरवी दांडी छान दिसते, फोटोही झकास येतो. पण ती दांडी दिसते याचाच अर्थ उजेड वाटेत सांडतोय. निर्मळ पाण्यात किरण जवळपास दिसत नाही, नुसता टोकाचा ठिपका दिसतो. जाहिरातीतली जाडजूड हिरवी रेघ पाहून भुलणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

पाणी किती गढूळ आहे हे मोजायला घरचं साधन पुरतं. अँजेलो सेकी या इटालियन खगोलशास्त्रज्ञानं 1865 मध्ये समुद्रात चकत्या सोडून मोजमाप केलं, त्याचीच ही पद्धत. पत्र्याची 20 सेंटीमीटर व्यासाची चकती घ्या, तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन काळे आणि दोन पांढरे रंगवा, मधल्या भोकातून दोरी ओवा, खाली अर्ध्या किलोचं वजन बांधा आणि दोरीवर दर 25 सेंटीमीटरला खूण करा. सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान, होडीच्या किंवा काठाच्या सावलीच्या बाजूला ती सोडा. दिसेनाशी झाली ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसली ती खोली, दोन्हींची सरासरी काढा. सरासरी एक मीटरच्या आत आली तर लेझर पिशवीतच राहू द्या.

मिलीवॅटचा मोह का व्यर्थ आहे तेही याच हिशेबातून कळतं. समजा आडवी दृश्यता 3 मीटर आहे, मालवणकडे गढूळ दिवशी असते तशी. इतक्या गढूळ पाण्यात सरळ गेलेल्या किरणातला 3 मीटरवर एक टक्कासुद्धा उरत नाही. आता लेझर दुप्पट शक्तीचा घेतला तर पोहोच वाढते सुमारे 40 सेंटीमीटर. दहापट शक्तीचा घेतला तरी दीड मीटरच्या आतच. शिवाय ठिपक्याचा उजेड परत तुमच्या डोळ्यापर्यंत यायचा असतो, त्याच गाळातून. म्हणजे प्रत्यक्षातली वाढ त्याच्याही निम्मी. पाणी उजेड घटवतं ते गुणाकारानं, त्यामुळे शक्ती वाढवून त्याच्याशी झुंजता येत नाही. जवळ जायचं, नाहीतर दाखवायचं सोडून द्यायचं.

दहापट शक्तीनं एक गोष्ट मात्र खरोखर दहापट वाढते, ती म्हणजे डोळ्याला असलेला धोका. लेझरचे वर्ग असतात. 1 मिलीवॅटपर्यंतचा दिसणारा किरण दुसऱ्या वर्गात येतो, तिथं पापणी पाव सेकंदात मिटते आणि डोळा वाचतो. 5 मिलीवॅटपर्यंत 3आर, त्यापुढे 500 मिलीवॅटपर्यंत 3बी. 3बीमध्ये पापणी मिटेपर्यंत व्हायचं ते झालेलं असतं. 2023च्या विसर्जन मिरवणुकांनंतर राज्यातल्या नेत्रतज्ज्ञांकडे डोळ्याच्या आतल्या पडद्याला इजा झालेले तरुण आले, ते मिरवणुकीतल्या लेझर झोतांमुळे. पाण्याखाली आपण सुरक्षित आहोत असं काहींना वाटतं. उघड्या डोळ्यानं पाण्यात पाहिलं की सगळं अंधुक दिसतं, म्हणजे किरण पडद्यावर नीट एकवटत नाही, हे खरं. पण स्कूबात मास्क असतो, मास्कमध्ये हवा असते, आणि त्या हवेमुळे डोळा जमिनीवर असतो तसाच पूर्ण क्षमतेनं किरण एका बिंदूवर आणतो. माझं मत विचाराल तर 5 मिलीवॅटच्या पुढे जायची गरज कुणालाच नाही.

वरच्या पाण्याचाही फसवा खेळ असतो. पाण्यातून वर जाणारा किरण उभ्या रेषेशी साधारण 48 ते 49 अंशांपेक्षा जास्त कलला तर तो बाहेर पडतच नाही. पाण्याची पातळी आरशासारखी त्याला खाली परत फेकते. वारा नसलेल्या विहिरीत हा आरसा अगदी सपाट असतो, आणि वर तिरका मारलेला ठिपका थेट तुमच्या बडीच्या, म्हणजे जोडीदार पाणबुड्याच्या, मास्कवर उतरू शकतो. उभा मारला तर तो बाहेर निघतो आणि होडीवरच्या माणसाच्या तोंडावर जातो. म्हणून लेझरचं तोंड कायम आडवं किंवा खाली. आणि बटण दाबून धरलं तरच चालणारं असावं, बोट सुटलं की बंद. एकदा दाबून चालूच राहणारा लेझर दोरीवर लोंबकळताना कुणाच्या डोळ्यात जाईल याचा नेम नसतो.

ठिपका टाकायची रीत आहे. माशावर, ऑक्टोपसवर, कासवावर कधीच टाकायचा नाही. त्यांच्याही डोळ्याला इजा होऊ शकते, माशांना तर बहुधा पापणीच नसते. प्राण्यापासून वीतभर लांब, खाली किंवा बाजूच्या खडकावर ठिपका टाका, एक सावकाश गोल काढा, बडीनं मान हलवली की बंद करा. काही मासे ठिपक्यामागे धावतात. ते पाहून मजा वाटते, पण त्यांचं चरणं मोडतं. चकचकीत टाकीवर, कॅमेऱ्याच्या काचेवर, घड्याळावर ठिपका पडू द्यायचा नाही, तिथून तो कुठं उसळेल सांगता येत नाही. टॉर्चनं करायच्या खुणा, म्हणजे सगळं ठीक असल्याचा सावकाश गोल आणि संकटातली झपझप आडवी हालचाल, या लेझरनं करू नयेत. बारीक ठिपका नजरेतून सुटतो, आणि संकटाची खूण सुटून चालत नाही.

हिरव्या लेझरच्या पोटात काय आहे हेही विचारून घ्यावं. स्वस्त 532वाल्यांत 808 नॅनोमीटरचा न दिसणारा अवरक्त डायोड असतो. तो एका स्फटिकाला चेतवतो, त्यातून 1064चा किरण निघतो, आणि दुसरा स्फटिक त्याची तरंगलांबी निम्मी करून 532चा हिरवा देतो. शेवटी अवरक्त अडवणारी गाळणी हवी, आणि खर्च वाचवायला नेमकी तीच गाळली जाते. मग हिरव्याबरोबर न दिसणारा अवरक्तही बाहेर पडतो. पाण्यात तो लवकर शोषला जातो, पण दुकानात किंवा होडीवर चालू करून पाहताना शोषायला पाणी नसतं. ही रचना तापमानालाही हळवी असते, गार पाण्यात ठिपका मंद होतो. 520 नॅनोमीटरचा डायोड थेट हिरवा देतो, मधले स्फटिक नाहीत, अवरक्ताची भानगड नाही. मिळत असेल तर तोच घ्यावा.

खरी कसोटी मात्र झाकणाची. आयपीएक्स7 लिहिलेलं असलं की लोक निर्धास्त होतात. त्या खुणेचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास, एवढाच. 30 मीटर खोल समुद्रात 25 मिलीमीटर व्यासाच्या पुढच्या काचेवर सुमारे 15 किलोचा भार येतो. डब्यावर खोली मीटरमध्ये स्पष्ट लिहिलेली हवी, आणि तुम्ही जाणार त्यापेक्षा ती बरीच जास्त हवी. झाकणाला एकाऐवजी दोन ओ-रिंग असाव्यात. आरपार जाणाऱ्या बटणापेक्षा चुंबकावर सरकणारं बटण बरं, कारण त्यासाठी अंगाला भोक पाडावं लागत नाही. फक्त ते होकायंत्रापासून हातभर दूर ठेवा.

ओ-रिंग काढताना सुई किंवा सेफ्टीपिन लावायची नाही. जुन्या प्लास्टिक कार्डाचा कोपरा पुरतो. खाच पुसायला कापूस नको. कापसाच्या मुलखात हे सांगणं विचित्र वाटेल, पण त्याचा एक तंतू रिंगेखाली राहिला की पाण्याला वाट मिळाली. तंतू न सुटणारं कापड घ्या, चष्म्याचं चालतं. रिंग बोटांत फिरवून चीर, सपाट झालेली बाजू, अडकलेली वाळू पाहा. रिंगचं रबर वेगवेगळ्या प्रकारचं असतं. ती नायट्राइलची असेल तर सिलिकॉन ग्रीस चालतं, रिंगच सिलिकॉनची असेल तर तेच ग्रीस तिला फुगवतं. ईपीडीएमच्या रिंगेला व्हॅसलीन चालत नाही. कुठलं ग्रीस ते उत्पादकाच्या कागदावर पाहूनच लावा, आणि लावायचं ते रिंग चमकण्यापुरतं. ढेकूळ दिसलं तर जास्त झालं. ग्रीस पाणी अडवत नाही, रिंग नीट सरकून बसावी यासाठी असतं. जास्तीचं ग्रीस माती धरतं.

चाचणी करायला समुद्र गाठायची गरज नाही. मराठवाड्यात विहिरी आहेत, आणि दिवाळीच्या सुमाराला त्या भरलेल्या असतात. पाणी 18 मीटर असेल, म्हणजे 60 फूट, तर तळाशी वरच्यापेक्षा पावणेदोन वातावरणांएवढा जास्त दाब मिळतो. मालवणच्या बहुतेक बुड्यांना तेवढा पुरे. आधी मालकाला विचारा आणि पाण्यातली मोटर बंद करून स्टार्टरचा फ्यूज काढून ठेवायला सांगा. लेझरमधला सेल काढा. टिशूपेपरची घडी करून तिच्यावर शाईच्या पेनानं चार टिंबं काढा आणि ती आत घाला. थेंबभर पाणी शिरलं तरी शाई फुटते. झाकण लावा, लेझर कांद्याच्या जाळीच्या पिशवीत ठेवा, सोबत किलोभर दगड, आणि मीटर-मीटरवर गाठी मारलेल्या दोरीनं सोडा. पहिली दहा मिनिटं 2 मीटरवरच थांबवा. हे चुकवू नका. कमी दाबात रिंग खाचेत घट्ट दाबली गेलेली नसते, म्हणून पुष्कळ लेझर खोलात टिकतात आणि उथळात गळतात. मग 15 मीटरवर वीस मिनिटं. वर काढल्यावर बाहेरून पूर्ण कोरडा करा, झाकण खालच्या बाजूला धरून उघडा, म्हणजे आट्यांतलं पाणी आत ओघळणार नाही. विहिरीत स्वतः उतरायचं काहीही कारण नाही. जुन्या, वापरात नसलेल्या विहिरीत तळाशी विषारी वायू साठलेला असू शकतो, आणि गाळ काढायला उतरलेली माणसं त्यात गेल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो.

समुद्रात लेझरमध्ये पाणी भरलंच, तर वर आल्यावर तो तोंडासमोर धरून उघडू नका. खारं पाणी आणि सेल एकत्र आले की आत हायड्रोजन तयार होतो आणि नळीत दाब साठतो. झाकण माणसांपासून दूर वळवून थोडं-थोडं फिरवा, सेल काढून बाजूला ठेवा, आतला भाग लगेच गोड्या पाण्यानं धुवा. भिजलेला 18650 (पुन्हा चार्ज होणारा लिथियमचा) सेल पुन्हा चार्जरवर चढवायचा नाही.

जॅकवेलची, म्हणजे धरणातलं पाणी उपसायच्या विहिरीची, जाळी तपासायला, पडलेली मोटर शोधायला किंवा बुडालेल्याचा शोध घ्यायला आपल्याकडे जे पाणबुडे उतरतात, त्यांना लेझरचा उपयोग जवळपास शून्य. तिथं हातभर अंतरावरचं दिसत नाही, काम चालतं ते दोरीवर आणि हाताच्या स्पर्शावर. नाथसागर हे पक्षी अभयारण्यही आहे, परवानगीशिवाय तिथं उतरता येत नाही. आणि ज्यांना कामासाठी उतरावं लागतं त्यांनी एक विसरू नये: जायकवाडीची पूर्ण पातळी 1522 फूट, म्हणजे सुमारे 464 मीटर. समुद्रसपाटीपासून 300 मीटरच्या वर बुडी मारली की ती उंचीवरची बुडी धरली जाते, किती खोल किती वेळ राहायचं याचे तक्ते वेगळे लागतात, मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर गोड्या पाण्यावर आणि त्या उंचीवर लावावा लागतो. समुद्रातलं वजन जसंच्या तसं कमरेला बांधलं तर माणूस दगडासारखा तळाला जातो. सगळं साहित्य धरून 90 किलो भरणाऱ्याला गोड्या पाण्यात दोन-अडीच किलो कमी पुरतं.

पाणी निवळलेलं असेल तर लेझरचं एक शांत, फारसं कुणी न करणारं काम आहे, मोजणं. दोन हिरवे लेझर एका पट्टीवर नेमके 10 सेंटीमीटर अंतरावर समांतर बसवले की कुठल्याही फोटोत दोन ठिपके म्हणजे 10 सेंटीमीटर. संशोधक व्हेल शार्कची लांबी अशीच काढतात. बारवेच्या पाण्याखालच्या भिंतीला गेलेली भेग किती रुंद आहे, हे त्याच युक्तीनं कळतं. समांतर आहेत का ते आधी कोरड्या भिंतीवर 1 मीटर आणि 5 मीटरवरून पाहा, दोन्हीकडे अंतर 10 सेंटीमीटरच आलं पाहिजे. फोटो समोरासमोर घ्या, तिरका घेतला की माप खोटं येतं. घर मोजायचं लेझर मीटर मात्र पाण्यात चालवू नका. उजेड पाण्यात सावकाश जातो, आणि मीटरला ते माहीत नसतं, म्हणून तो सुमारे तिसऱ्या हिश्शानं जास्त अंतर दाखवतो. काठावरून विहिरीच्या पाण्याची पातळी मोजायची असेल तर पाण्यावर थर्मोकोलचा तुकडा तरंगत सोडा आणि त्याच्यावर नेम धरा. नुसत्या पाण्यावर धरला तर किरण आत शिरतो नाहीतर भलतीकडे परततो.

समुद्रावरून परतलं की लेझर बंद स्थितीतच अर्धा तास गोड्या पाण्यात ठेवायचा, बटण पाण्याखाली चार-दोन वेळा हलवायचं, मग सावलीत वाळवायचा. विमानानं येत असाल तर सेल काढून टोकांना चिकटपट्टी लावून हातातल्या बॅगेत, चेक-इनच्या सामानात नाही. आणि घरी आल्यावर गाडीच्या डॅशबोर्डवर विसरू नका. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर 42 अंश असतात, बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त, आणि लिथियमचा सेल त्या उष्णतेत खराब होतो, प्रसंगी पेटतो. वर्षातले आठ-नऊ महिने लेझर नुसता पडूनच असणार, तेव्हा सेल निम्मा भरलेला ठेवून वेगळा काढा, झाकण थोडं सैल करा म्हणजे रिंग दबून चपटी होणार नाही, आणि पुढच्या वेळी निघण्याआधी नवी रिंग टाकून पुन्हा विहिरीवर न्या.